क्रिस्तियान आइकमान
क्रिस्तियान आइकमान (११ ऑगस्ट, १८५८:नायकेर्क, नेदरलँड्स - ५ नोव्हेंबर, १९३०:उट्रेख्त, नेदरलँड्स) हे डच वैद्यकशास्त्रज्ञ होते. कोंबड्यांना होणाऱ्या चेताविकाराचे कारण आणि त्यावरील उपाय शोधताना त्यांनी बेरीबेरी या रोगाचा आहाराशी असलेला संबंध उघड केला. या कार्याबद्दल त्यांना १९२९ सालचे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक इंग्लंडच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह विभागून मिळाले.

== सुरुवातीचे जीवन ==
आइकमान यांचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. लष्करी वैद्यकीय शिक्षण घेऊन आइकमान यांनी १८८३ साली ॲम्स्टरडॅम येथे डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते लष्करी वैद्य म्हणून डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेले. तेथे हिवतापाने ग्रासल्यामुळे १८८५ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढे बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्याकडे त्यांनी जीवाणुशास्त्राचा अभ्यास केला.

== कोंबड्यांचा रोग ==
त्या काळी ईस्ट इंडीजमधील सैनिक व कैदी बेरीबेरीने मोठ्या संख्येने दगावत. हातापायांतील बळ जाणे, अंगावर सूज येणे आणि हृदय निकामी होणे ही या रोगाची लक्षणे होत. हा रोग जंतूंमुळे होतो असा समज होता व तो तपासण्यासाठी सरकारने १८८६ साली पेकेलहारिंग आणि विंक्लर यांना पाठवले. त्यांच्यासोबत गेलेले आइकमान १८८८ साली बटाविया (आताचे जकार्ता) येथील प्रयोगशाळेचे संचालक झाले.

१८८९ च्या जुलै महिन्यात प्रयोगशाळेच्या खुराड्यातील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांचे पाय लटपटत, त्या कोलमडून पडत आणि शेवटी श्वास कोंडून मरत. रोगी कोंबड्यांपासून निरोगी कोंबड्यांना लागण करण्याचे प्रयोग निष्फळ ठरले, कारण वेगळ्या ठेवलेल्या कोंबड्याही आजारी पडत होत्या. नोव्हेंबरअखेर मात्र रोग आपोआप ओसरला.

चौकशीअंती कारण समजले. काटकसर म्हणून कोंबड्यांना जूनपासून लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आल्यावर लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला आणि खाद्य बदलले. त्यानंतर आइकमान यांनी पद्धतशीर प्रयोग केले. केवळ सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या आजारी पडत आणि कोंडा किंवा असडीक तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या होत.

== माणसांवरील पडताळणी ==
आइकमान यांच्या सूचनेवरून आरोग्य निरीक्षक ॲडॉल्फ फोर्डरमान यांनी जावा व मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांपैकी सुमारे ३९ मागे एकाला, तर कोंडायुक्त तांदूळ खाणाऱ्यांपैकी सुमारे १०,००० मागे एकाला बेरीबेरी झाल्याचे आढळले.

== अर्थाचा शोध ==
उपाय सापडला तरी त्यामागील कारण आइकमान यांना अचूक उमगले नाही. पांढऱ्या तांदळात विष असून कोंडा त्यावर उतारा ठरतो, अशी त्यांची धारणा होती. प्रकृती खालावल्याने ते १८९६ साली मायदेशी परतले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या गेरिट ग्रेन्स यांनी १९०१ साली असा निष्कर्ष मांडला, की रोग विषामुळे नव्हे तर आहारातील एका आवश्यक घटकाच्या अभावामुळे होतो. आइकमान यांनी कालांतराने हे मत स्वीकारले. हा घटक, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व (थायमिन), यान्सेन व डोनाथ यांनी १९२६ साली बटाविया येथेच कोंड्यातून स्फटिकरूपात वेगळा केला.

== उत्तरायुष्य ==
आइकमान १८९८ ते १९२८ या काळात उट्रेख्त विद्यापीठात आरोग्यशास्त्र व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. आजारपणामुळे ते नोबेल समारंभास उपस्थित राहू शकले नाहीत व पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जकार्ता येथील संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.