रात्रीत बॅटरी का उतरते? शोध लागतो ओहम यांच्या नियमाने

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फच घेत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली, की सगळे स्विच बंद करून, थोडा वेळ थांबून मल्टिमीटरची टोके एकेका फ्यूजवर टेकवता येतात. फ्यूजलाही किंचित रेझिस्टन्स असतो. त्यामुळे ज्यावर मिलिव्होल्ट दिसतात, त्या लाइनमधून करंट जातोय. अर्धा अँपिअर गळतीही ४५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत रिकामी करते. ही युक्ती चालते जॉर्ज ओहम यांच्या नियमावर.

कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनला जन्मला. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता ओहम तारांवर प्रयोग करीत. १८२५ मधले त्यांचे पहिले सूत्र चुकले. गंमत म्हणजे घोळ बॅटरीचाच होता. तिचा दाब सतत ढळायचा. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि तांबे-बिस्मथचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर, दुसरे बर्फाच्या थंडाव्यात. दाब स्थिर झाला. १८२६ मध्ये नियम हाती आला.

१८२७ च्या पुस्तकाची मात्र जर्मनीत उपेक्षाच झाली. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. न्युरेंबर्गला जागा मिळाली ती थेट १८३३ मध्ये. मोठा मान परदेशातून आला, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद १८५२ मध्ये मिळाले, तेव्हा हाताशी दोनच वर्षे उरली होती.