रोझमेरीची बहीण

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, रॉकव्हिलजवळ, टिंबरलॉन नावाची एक प्रशस्त वास्तू होती. १९६२ च्या जून महिन्यात तिच्या हिरवळीवर ३४ मुले जमली. बौद्धिक वाढ मंद असलेल्या या मुलांना तोवर कोणतेही उन्हाळी शिबिर सहजासहजी दारात उभे करीत नसे. येथे मात्र त्यांच्यासाठी पोहण्याचा तलाव होता, घोडे होते, सोबतीला २६ तरुण स्वयंसेवक होते आणि मुलांबरोबर स्वतः पाण्यात उतरणाऱ्या घरमालकीणबाई होत्या. त्यांचे नाव युनिस केनेडी श्रायव्हर. त्यांचे थोरले बंधू जॉन केनेडी त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते.

युनिस यांचा जन्म १० जुलै १९२१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे झाला. नऊ भावंडांत त्या पाचव्या. त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी रोझमेरी बालपणापासूनच इतरांच्या मागे पडत होती. जिंकण्याखेरीज दुसरे काही न मानणाऱ्या त्या घराण्यात तिची ओढाताण होई. तिला पोहायला आणि शिडाच्या होडीतून नेण्यात युनिस यांचा पुढाकार असे. १९४१ मध्ये वडील जोसेफ केनेडी यांनी, पत्नीलाही विश्वासात न घेता, २३ वर्षांच्या रोझमेरीच्या मेंदूवर 'लोबोटॉमी' ही शस्त्रक्रिया करवून घेतली. ती पूर्णपणे फसली. रोझमेरीची वाचा आणि चालणे हरपले. तिची रवानगी संस्थेत झाली आणि घरातल्या बोलण्यातूनही तिचे नाव जवळजवळ नाहीसे झाले. अफाट पैसा आणि प्रतिष्ठा असलेल्या कुटुंबाची ही गत. मग सामान्य घरांतील अशा मुलांची काय कथा!

स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९४३ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेऊन युनिस सामाजिक कार्यात शिरल्या. १९५३ मध्ये सार्जंट श्रायव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५७ पासून त्यांनी केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाची सूत्रे हाती घेतली आणि त्याचा रोख बौद्धिक अपंगत्वाच्या संशोधनाकडे वळवला. भाऊ राष्ट्राध्यक्ष होताच त्यांनी त्याच्यामागे धोशा लावला. १९६१ मध्ये या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तर १९६२ मध्ये बालआरोग्य आणि मानवी विकासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. सत्तेच्या जवळिकीचा असा उपयोग विरळाच.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी रोझमेरीची हकिकत जगापुढे मांडली. राष्ट्राध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीविषयीची ही कबुली वाचून असंख्य पालकांच्या मनावरचे ओझे हलके झाले असेल. मात्र त्या लेखात शस्त्रक्रियेचा उल्लेख नव्हता; ते सत्य उघड व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. त्यांच्या धैर्यालाही घराण्याच्या अब्रूची मर्यादा होतीच.

टिंबरलॉनच्या शिबिराचे निमित्त एका आईच्या दूरध्वनीचे. आपल्या मुलाला कोणतेच शिबिर घेत नाही, हे तिचे गाऱ्हाणे ऐकून युनिस यांनी आपलेच आवार खुले केले. तेथील रीत साधी होती. शक्यतो प्रत्येक मुलामागे एक स्वयंसेवक आणि खेळ मुलाच्या कुवतीने पुढे नेणारा. श्रायव्हर दांपत्याची स्वतःची मुलेही त्यांच्यातच खेळत. पुढे ही शिबिरे दरवर्षी भरू लागली. ही मुले शरीराने दुबळी असतात, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. हे दुबळेपण उपजत नसून खेळायला न मिळाल्यामुळे येते, हे कॅनडाचे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ फ्रँक हेडन यांनी अभ्यासातून दाखवून दिले. युनिस यांनी त्यांना आपल्या कामात सामील करून घेतले.

शिकागोतील एका तरुण क्रीडाशिक्षिकेने, अॅन मॅकग्लोन यांनी, शहरापुरत्या स्पर्धेचा प्रस्ताव पाठवला. युनिस यांनी तो देशव्यापी करायला लावला आणि २५ हजार डॉलर दिले. २० जुलै १९६८ रोजी 'सोल्जर फील्ड'वर पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स झाले. धाकटे बंधू रॉबर्ट यांची हत्या होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे लोटले होते. अमेरिकेच्या २६ राज्यांतून आणि कॅनडातून सुमारे एक हजार खेळाडू आले. प्रचंड प्रेक्षागार मात्र बहुतांशी रिकामे होते.

या स्पर्धांची खुबी गटवारीत आहे. वय, लिंग आणि क्षमता पाहून साधारण तुल्यबळ खेळाडू एकमेकांसमोर आणले जातात. त्यामुळे हळू धावणाऱ्यालाही खरी शर्यत मिळते. अशा वेगळ्या स्पर्धांमुळे मुले समाजापासून वेगळीच राहतात, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'युनिफाइड स्पोर्ट्स' या उपक्रमात बौद्धिक अपंगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात उतरू लागले.

१९८४ मध्ये युनिस यांना अमेरिकेचा 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला. २००१ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सची भारतीय शाखा नोंदवली गेली. दरम्यान, रोझमेरीचा कुटुंबातील वावर पुन्हा सुरू झाला होता. युनिस तिला भेटत आणि घरी आणवीत. २००५ च्या जानेवारीत, ८६ व्या वर्षी, रोझमेरीचे निधन झाले. ११ ऑगस्ट २००९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील हायानिस येथे, ८८ व्या वर्षी, युनिस यांनीही जगाचा निरोप घेतला. तोवर स्पेशल ऑलिम्पिक्स दीडशेहून अधिक देशांत पोहोचले होते.