झाडावरचा माणूस

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची प्राणीगणना करण्यासाठी आम्ही काही विद्यार्थी मेळघाटात गेलो होतो. माझ्या वाट्याला ऐनाच्या झाडावरचे मचाण आले. मचाण हा शब्द ऐकायला भारदस्त, पण प्रत्यक्षात चार बांबू, त्यांवर आडव्या कामट्या आणि सगळे दोरीने आवळलेले. सोबतीला एक वयस्क कोरकू वनमजूर होते. वर चढल्याबरोबर त्यांनी एक दोर माझ्या कमरेभोवती घेतला आणि दुसरे टोक फांदीला बांधले. मला हसू आले. गुराला दावे बांधतात तसे वाटले. रात्री दोनच्या सुमारास माझा डोळा लागला, तोल गेला, आणि तोच दोर कमरेत असा काही रुतला की हसू कुठल्या कुठे पळाले! त्या रात्री मला चितळे दिसली, रानडुकरे दिसली, वाघ काही दिसला नाही. उरलेली रात्र मात्र मी एकाच माणसाचा विचार करीत बसलो होतो. तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट.

शाळेत असताना कॉर्बेटच्या शिकारकथा मी अधाशासारख्या वाचल्या होत्या, आणि हा माणूस भय म्हणजे काय ते जाणतच नव्हता असा माझा ठाम समज होता. झाडावर एक रात्र काढल्यानंतर ती पुस्तके पुन्हा वाचली आणि तो समज गळून पडला.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असे त्यांचे बिऱ्हाड वर-खाली होई. कालाढुंगीच्या रानात हा पोर आधी गलोल घेऊन आणि पुढे बंदूक घेऊन एकटाच भटके. बंदूक तरी कसली! ठासणीची दुनळी, एक नळी फुटलेली, आणि दस्ता व नळ्या पितळेच्या तारेने एकत्र बांधलेल्या. तारा, दोर, काटे अशा हाताशी येईल त्या वस्तूंवर हा माणूस जन्मभर विसंबून राहिला.

भय त्याला लहानपणीच भेटले. ओळखीच्या एका आयरिश माणसाने मुलांना एका किंचाळणाऱ्या भुताच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एके दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात जिमने रानात तशीच किंकाळी ऐकली आणि त्याची गाळण उडाली. पुढे कधीतरी धीर करून तो आवाजाच्या रोखाने गेला, तेव्हा वाऱ्याने एकमेकांवर घासणारी दोन झाडे दिसली.

झाडावर चढणे हा शिकारीचा पहिला धडा, हे त्याला कुंवरसिंग नावाच्या ठाकुराने शिकवले. हा गावचा मुखिया आणि चोरट्या शिकारीतही तितकाच पटाईत! त्याचा सोबती हरसिंग झाडावर चढायला कधी शिकलाच नव्हता. वाघ अंगावर आला तेव्हा कुंवरसिंग वर होता आणि हरसिंग खाली, खोडाला पाठ लावून. वाघाने त्याचे पोट फाडले. कापडाने पोट आवळून दोघे चालत कालाढुंगीच्या दवाखान्यापर्यंत आले आणि हरसिंग जगला. ही हकिकत ऐकल्यावर कोणता मुलगा झाडावर चढायला शिकणार नाही?

पुढची वीसएक वर्षे कॉर्बेट यांनी रेल्वेच्या चाकरीत आणि बिहारमध्ये मोकामाघाट येथे गंगेच्या काठी मालाच्या चढउताराच्या ठेक्यात घालवली. हमालांच्या बरोबरीने राबणारा हा साहेब रजा मिळताच कुमाऊंत परते. पहाडी माणसे त्यांना कारपेट साहब म्हणत.

१९०७ साली चंपावतची वाघीण मारण्याचे काम त्यांच्याकडे आले. नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर होती. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या : जाहीर केलेले बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. पाली गावात पोचले तेव्हा लोक पाच दिवस दारे लावून बसलेले. त्या पहिल्या रात्री ते रस्त्याकडेच्या एका झाडाला पाठ लावून जमिनीवरच बसले. चांदण्यात प्रत्येक सावली हलू लागली, थंडीने आणि भयाने दात वाजू लागले. सकाळी माणसांना ते गुडघ्यांवर डोके टेकून झोपलेले आढळले. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपली फजिती छापून टाकणारे शिकारी किती असतील? ती वाघीण त्यांनी पुढे हाका घालून मारली.

परंतु माझ्या मनात घर करून बसली आहे ती १९१० मधली पनारच्या बिबळ्याची रात्र. त्याने ४०० माणसे मारली होती, आणि बिबळ्या झाडावर चढतो. म्हणजे ज्या फांदीवर आपण सुरक्षित म्हणून बसावे तीच त्याची वाट! ज्या झाडावर बसायचे होते ते ठेंगणे आणि कललेले. कॉर्बेट यांनी गावकऱ्यांकडून लांबलांब काटेरी फांद्या तोडून आणवल्या, त्या आपल्या बैठकीखाली बुंध्याभोवती दोरांनी घट्ट आवळल्या आणि त्यांचे दांडे आपल्या बगलांत धरून ठेवले. समोर काही अंतरावर बोकड बांधलेला. अंधार पडला. बिबळ्या आला तो बोकडाकडे नव्हे, झाडाकडे. खालून तो फांद्या ओढू लागला आणि प्रत्येक हिसका बगलेतल्या दांड्यातून अंगाला जाणवू लागला. हा खेळ बराच वेळ चालला. मधे होते ते फक्त काटे आणि गावच्या माणसांनी मारलेल्या गाठी. त्या रात्री कॉर्बेट यांचा जीव बंदुकीने नव्हे, त्या गाठींनी राखला असे मला वाटते. काटे पुरून उरले तेव्हा बिबळ्या बोकडाकडे वळला आणि अंदाजाने झाडलेल्या गोळीने जखमी झाला. चिडाच्या लाकडाच्या पेटत्या चुडी घेतलेली माणसे सोबत घेऊन कॉर्बेट त्याच्या मागावर निघाले. बिबळ्या चालून येताच माणसे चुडी टाकून पळाली, आणि जमिनीवर पडलेल्या त्या चुडींच्या उजेडातच त्यांनी अखेरचा बार टाकला.

रुद्रप्रयागच्या बिबळ्याने तर १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत, सरकारी मोजणीप्रमाणे, १२५ माणसे मारली. बदरी-केदारच्या यात्रेकरूंची ती वाट. कॉर्बेट यांनी अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वाऱ्याचा मारा खात वीस रात्री काढल्या. बिबळ्या आला नाही. १९२६ च्या वसंतात गुलाबराय येथे रस्त्यावर झुकलेल्या आंब्यावर दहा रात्री बसले, तरीही नाही. अकराव्या रात्री खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, विजेरीचा झोत पडला आणि गोळी सुटली. विजेरी लगेच मंदावली. मारला की चुकलो, हे न कळता ते चंद्र उगवेपर्यंत फांदीवरच बसून राहिले. सकाळी खाली मिळाला तो एक म्हातारा, तोंडाशी पांढरा पडलेला बिबळ्या.

कॉर्बेट यांना संत ठरवण्याची मला गरज वाटत नाही. तरुणपणी त्यांनी हौसेखातरही शिकार केली, आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीची व्यवस्था पाहिली ती तर उतारवयात. पण दरम्यान त्यांच्या हाती कॅमेरा आला होता आणि बंदुकीपेक्षा त्यातच त्यांचा जीव अधिक रमू लागला होता. १९४४ साली त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक ऑक्सफर्डच्या मुंबई कचेरीतून निघाले. जगभर गाजलेले हे पुस्तक आपल्या मुंबईत छापून निघाले याची आपल्याकडे फारशी आठवण कोणी काढीत नाही. १९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगीसह देश सोडून केनियात न्येरी येथे गेले. ज्या रानात जन्म गेला ते का सोडले, याचे कोडे मला उलगडलेले नाही.

तिथेही झाड त्यांच्या वाट्याला आलेच. ट्रीटॉप्स नावाचे एक घर वडा-पिंपळाच्या कुळातल्या प्रचंड झाडावर बांधलेले होते. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री राजकन्या एलिझाबेथ पतीसह तिथे उतरली. शहात्तर वर्षांचे कॉर्बेट बंदूक घेऊन शिडीच्या तोंडाशी रात्रभर पहाऱ्याला बसले. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात राजाचा अंत झाला आणि झाडावर चढलेली राजकन्या राणी होऊन खाली उतरली. १९५४ मध्ये माउ माउ बंडात ते घर जळाले. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट न्येरीतच वारले. त्या रात्रीवर लिहिलेले छोटे पुस्तक त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले.

१९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली, मचाणे मात्र राहिली. त्या पहाटे वनमजूरकाकांनी माझ्या कमरेची गाठ सोडली तेव्हा कातडीवर लाल वळ उठला होता. दोर नीट गुंडाळून त्यांनी खांद्यावर टाकला आणि माझ्या आधी खाली उतरून, मी पडलोच तर झेलावे म्हणून हात वर करून ते बुंध्याशी उभे राहिले.