विश्लेषण : प्लेगचे साखळीबद्ध जिवाणू, तुपाचे थेंब आणि हाफकिन

शीव, माटुंगा, दादर भागातील आखीव रस्त्यांमागे प्लेगचा इतिहास आहे. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली आणि दाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने शहर उत्तरेकडे वाढवले. याच साथीवर लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला आहे.

हाफकिन कोण होते?
जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे, ज्यू कुटुंबात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. मुंबईत प्लेग पसरताच भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली.

तूप कशासाठी?
मांसाच्या अर्कावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत. जिवाणू थेंबांना धरून, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या खडकांसारखे खाली वाढत. मग उष्णता देऊन ते मारले जात. अशा द्रवात प्लेगचे जिवाणू साखळीने वाढलेले दिसतात.

साखळी सुटते कशी?
एका पेशीच्या दोन झाल्या तरी मधली भिंत कापली जाईपर्यंत त्या जोडलेल्याच राहतात. कापण्याचे काम विकरे करतात, तर काही प्रथिने त्यांना चालना देतात. त्यांपैकी एक 'एनएलपीडी'. इस्रायली संशोधकांनी प्लेगच्या जिवाणूतून त्याचे जनुक काढले, तेव्हा पेशी नीट सुट्या होईनात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असा जिवाणू उंदरांना मारू शकला नाही, उलट त्याने त्यांना प्लेगपासून संरक्षण दिले.

मग वाद कशाचा?
१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे महत्त्वाचे ठरले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण नेमणूक मिळाली ती कोलकात्यात. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.