श्रीतुकोबारायांचे ऋणमोचन

श्रीक्षेत्र देहू येथील मोरे यांच्या कुळात, बहुमान्य गणनेप्रमाणे इ. स. १६०८ मध्ये, श्रीतुकाराममहाराजांचा जन्म झाला. घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. जोडीस महाजनकी, शेती, दुकान व सावकारी. वडील बोल्होबा निवर्तले, ज्येष्ठ बंधू सावजी तीर्थाटनास निघून गेले आणि कोवळ्या वयातच प्रपंचाचा भार तुकोबांवर पडला.

अशातच इ. स. १६३० चा घोर दुष्काळ आला. दख्खन, खानदेश व गुजरात हे तिन्ही प्रांत त्यात होरपळले. आपले कडोदरा ज्या सुरत-बारडोली मार्गावर आहे, त्याच बाजूने बऱ्हाणपुराकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेविले आहे. शहाजहान बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडविले.

देहूस महाराजांच्या घरी तर आकाशच कोसळले. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतू गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. महाराज भामनाथाच्या डोंगरावर चिंतनात बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत आले. परंपरा सांगते की, तेव्हा महाराजांनी लोकांकडील येण्याची सर्व खते आणविली. निम्मी कान्होबांस दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीच्या डोहात सोडिली.

या दानाचे मोल भाविकांनी मनाशी तोलून पाहावे. घरात दाणा नव्हता, जिजाबाईंना संसार चालवावयाचा होता. अशा वेळी ती खते म्हणजे उद्याची आशा होती. लंगरातील घास भुकेल्याचा आजचा दिवस तारतो, तेही पुण्यच. परंतु दुष्काळ सरल्यावर कुणब्यास बैल हवा, बियाणे हवे आणि पिकलेला दाणा आपल्याच कणगीत राहील असा भरवसा हवा. जुने देणे शिरावर असेल, तर खळ्यावरची रास परस्पर सावकाराकडे जाते व पिकविणाराच उपाशी राहतो. महाराजांनी ती बेडीच तोडिली. मात्र बंधूच्या हक्कास त्यांनी हात लाविला नाही. त्याग केला तो केवळ स्वतःच्या वाट्याचा.

पुढे त्यांनी देहूचे पडके विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, कीर्तनाने लोक जागविले आणि फाल्गुन वद्य द्वितीयेस वैकुंठगमन केले. त्या बीजेस आपण अन्नदान करितो. ते करिताना ज्याच्या शेतातून ते अन्न आले, त्याच्या घरी पुढील पेरणीचे बी आहे की नाही, याची विचारपूस करावी. महाराजांच्या चरणी तीच खरी सेवा होय.