वाँटेजची पत्रं

मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली. गेली बारा वर्षं ऑक्सफर्डशायरमध्ये राहते. वाँटेज हे छोटंसं गाव आमच्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, भोवती दुकानं. भाजी-ब्रेडसाठी मी तिथे कितीदा गेले असेन, पण पंडिता रमाबाई याच गावात उतरल्या होत्या हे कधी मनात आलं नव्हतं.

२०२१ मध्ये बाबा गेले. कोविडचे दिवस, जाणं शक्य नव्हतं. दफनविधी मी मोबाइलवर पाहिला, तोही मध्येच अडकत होता. त्यानंतर प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचेनात. आई फोनवर विचारायची, प्रार्थना करतेस ना? मी हो म्हणायचे. त्या काळात रमाबाईंच्या पत्रांचा संग्रह हाती लागला आणि मग त्यांचं आयुष्य पुन्हा नीट वाचलं. शाळेत आम्हाला त्या समाजसुधारक म्हणून होत्या, पाच मार्कांना.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचे बोल खाल्ले. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. दानधर्म, उपासतापास, काही कमी केलं नाही. तरी दुष्काळात १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून ती झोपली. देव ऐकत नाही हा रमाबाईंचा अनुभव पुस्तकातला नव्हता.

पुढे कलकत्त्यात मानसन्मान मिळाला, ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. पण १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. पदरात मनोरमा, वय वर्ष एकही नाही. ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक विकून आलेल्या पैशांत त्यांनी इंग्लंडचं तिकीट काढलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते राहिलं. धर्म बदलणार नाही, असं त्या निघताना सांगून आल्या होत्या.

१८८३ मध्ये त्या वाँटेजच्या सिस्टर्सकडे उतरल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इथे विष घेऊन जीव दिला. आपल्याला बळजबरीने बाटवतील ही भीती त्यांच्या मनात बसली होती, असं सांगतात. परका देश, कडेवर लहान मूल आणि सोबतीण अशी गेलेली! रमाबाई पुढे ऑक्सफर्डला मॅक्सम्युलर यांच्या घरी राहिल्या तेव्हा रात्री एकट्या झोपू शकत नव्हत्या. मोलकरीण खोलीत सोबतीला असे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि मनोरमेने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

इथे मी थबकले. माझी समजूत अशी की, बाप्तिस्मा झाला म्हणजे शंका संपल्या. पत्रं वाचली तर खरी लढाई तिथून पुढेच! त्रैक्य कसं मानायचं, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म कसा मानायचा, चर्चने सांगितलं म्हणून का मानायचं? सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटायचा. क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत की संस्कृत, यावरूनही वाद! चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र प्रश्न विचारू द्यायच्या. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो. रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि कुठल्याही एका पंथाच्या झाल्या नाहीत.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. आणि बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही मिळाला. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक वाचताना हे लक्षात आलं. तो स्वतः प्रवचन देता देता विश्वासात आलेला! हे रमाबाईंनी लपवलं नाही, १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. एवढ्या नावाजलेल्या बाईने असं कबूल करायला काय धाडस लागलं असेल!

त्यांच्यावरची संकटं काही थांबली नाहीत. १८९३ मध्ये पुण्यात ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेतल्या मंडळाने कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आली होती. हातात पैसा नाही. पण दुष्काळात आईबाप गमावणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात तिथल्या विहिरी संध्याकाळी तळ गाठायच्या आणि सकाळी दिवसापुरतं पाणी पुन्हा भरलेलं असायचं, असं त्यांच्या चरित्रात नोंदलंय. दिवसापुरतंच, जास्त नाही.

हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. छापखान्यात मुक्तीतल्याच बायका काम करायच्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीच्या उंबरठ्यावर. ज्या मुलीला घेऊन त्या समुद्र ओलांडून आल्या, तीसुद्धा. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

गेल्या महिन्यात वाँटेजला गेले होते. भाजी घेतली आणि गाडीत बसून आईला फोन लावला. तिने नेहमीचं विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं, की नाही गं, बाबा गेल्यापासून जमत नाही. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मलाही पहिलं वर्षभर नाही जमलं.