मैदानावरचा प्राध्यापक

अमेरिकी फुटबॉल हा पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा धसमुसळा खेळ तेथील महाविद्यालयांच्या आवारात वाढला. त्याला आकार देणाऱ्या पहिल्या पिढीतील अमोस अलोन्झो स्टॅग यांना खरे तर धर्मोपदेशक व्हायचे होते.

१६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, पादत्राणे शिवणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात त्यांनी बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही गाजवले. धर्मशास्त्राचा अभ्यासही केला. मात्र व्यासपीठावर वाणी साथ देईना, तेव्हा तरुणांना मैदानावरच घडवावे असे ठरवून ते स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण संस्थेत गेले. जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल तेथेच जन्माला घातला. ११ मार्च १८९२ रोजी झालेल्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा!

त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना पाचारण केले आणि चक्क प्राध्यापकवर्गात कायमचे स्थान दिले. प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता बोलावलेला माजी खेळाडू, अशी रीत असलेल्या काळात हे धाडसच होते. स्टॅग यांनी ते सार्थ केले. १९०५ मध्ये सलग ५६ सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला शिकागोने २-० असे नमवले. तथापि, अभ्यासात कच्च्या खेळाडूंना प्रवेश दिल्याचे आरोपही त्याच वर्षी झाले. चारित्र्यघडणीचा आग्रह आणि विजयाची ओढ यांचा मेळ स्टॅग यांनाही पुरता साधला नाही, असेच म्हणावे लागते.

तब्बल ४१ हंगामांनंतर, १९३२ च्या अखेरीस, सत्तरी ओलांडलेल्या स्टॅग यांना निवृत्तीच्या नियमावर बोट ठेवून दूर करण्यात आले. रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षपदाच्या काळात विद्यापीठाला फुटबॉलचे ओझेच वाटू लागले होते. देऊ केलेले दुसरे पद नाकारून स्टॅग कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या पॅसिफिक महाविद्यालयात रुजू झाले. १९३८ मध्ये हाच संघ घेऊन ते शिकागोत, स्वतःचेच नाव दिलेल्या मैदानावर उतरले आणि ३२-० असे जिंकले. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला ८५-० असे चिरडले आणि विद्यापीठाने हा खेळच बंद केला. ओस पडलेल्या त्या मैदानाच्या सज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली.

स्टॅग मात्र थांबले नाहीत. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना देशातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला. पुढे पेनसिल्व्हेनियात पुत्राच्या साथीने त्यांनी संघ सांभाळला. नंतर स्टॉकटनला परतून एका लहान महाविद्यालयातील मुलांना ते चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवत राहिले, वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिकागोतील जुन्या मैदानाच्या जागेवर १९७० मध्ये विद्यापीठाचे ग्रंथालय उभे राहिले.